ट्रॅक्टरची बैठक आणि चालकाची अंगकाठी

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात जुलै महिना लागला की चिखलणीची एकच घाई उडते. पऱ्हे तयार असतात, बांध्यांत पाणी साठलेले असते आणि रोवणीचे दिवस मोजके असतात. पूर्वी हे सारे काम बैलजोडीवर होत असे. आता पुष्कळ गावांत ते ट्रॅक्टरवर होते. एका ट्रॅक्टरमागे अनेक शेतकऱ्यांच्या बांध्या रांगेत असतात आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी चालकाला दिवसाचे दहा-दहा तास बैठकीवर, म्हणजेच सीटवर, काढावे लागतात.

हंगामापूर्वी ट्रॅक्टरचे तेल पाहिले जाते, पाणी पाहिले जाते, ग्रीस भरले जाते. चालक ज्यावर बसतो ती बैठक त्याच्या अंगाला जमते की नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. बैठक ही केवळ सुखाची बाब आहे, असा समज त्याच्या मुळाशी असतो. वास्तविक बैठक न जमल्यास चालकाची पाठ दुखावते, पाय बधिर होतात, आणि ब्रेक वेळेवर व पुरता दाबला जात नाही. ऐन हंगामात चालक अंथरुणाला खिळला तर नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. रांगेतील प्रत्येक शेतकऱ्याची रोवणी मागे पडते. यावरील उपाय बहुतांशी बिनखर्चाचा आहे. तो पुढे सविस्तर सांगितला आहे.

ट्रॅक्टरचे धक्के कोठून येतात

जीप किंवा मोटार यांच्या चाकांवर स्प्रिंगा असतात. खड्ड्यातील धक्का प्रथम टायर घेतो, नंतर स्प्रिंग घेते, आणि उरलेला भाग प्रवाशापर्यंत पोहोचतो. सर्वसाधारण ट्रॅक्टरची रचना तशी नसते. त्याचा मागचा आस गाडीच्या सांगाड्याशी घट्ट जोडलेला असतो; मध्ये स्प्रिंग नसते. चालकाची जागाही बहुधा त्या आसाच्या जवळच असते. त्यामुळे मागच्या चाकाला बसलेला धक्का टायरमधून थेट बैठकीपर्यंत येतो. चालक आणि धक्का यांच्यामध्ये दोनच गोष्टी असतात: टायरमधील हवा आणि बैठकीखालील स्प्रिंग.

बसलेल्या माणसाचे शरीर सर्व प्रकारचे हेलकावे सारखे सोसत नाही. दर सेकंदास ४ ते ८ वेळा होणारे वर-खाली हेलकावे शरीराला सर्वांत अधिक जाचक होतात; त्या गतीला पाठीचा कणा व पोटातील अवयव स्वतःच हलू लागतात आणि धक्का शरीरात वाढतो. टायरवर डोलणाऱ्या ट्रॅक्टरचे मुख्य हेलकावे साधारणपणे दर सेकंदास २ ते ४ असतात, म्हणजे या जाचक टप्प्याच्या अगदी उंबरठ्याशी. बैठकीच्या स्प्रिंगने ते कमी करावेत अशी अपेक्षा असते. परंतु ही स्प्रिंग कोणाच्या वजनासाठी लावलेली आहे, यावर तिचा गुण अवलंबून असतो.

सरासरी माणूस कोणीच नसतो

भारतात ट्रॅक्टर बनविण्यास १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीने जर्मन सहकार्याने आरंभ केला. त्यानंतर आलेल्या अनेक ट्रॅक्टरांचे मूळ आराखडेही परदेशी होते. साहजिकच त्यांतील पेडलांचे अंतर, स्टेअरिंगची उंची व बैठकीचे माप ही तेथील माणसांच्या अंगकाठीवरून ठरलेली होती. युरोपात १९७८ साली निघालेल्या निर्देशात ट्रॅक्टरच्या बैठकीची चाचणी दोन चालक बसवून घ्यावी असे सांगितले होते: हलका चालक सुमारे ५९ किलोचा आणि जड चालक सुमारे ९८ किलोचा.

आता आपल्याकडील मापे पाहावीत. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशातील शेतीकाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची शरीरमापे घेऊन ती २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांनुसार पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६३ सें.मी. व वजन सुमारे ५५ किलो भरते. स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५१ सें.मी. व वजन सुमारे ४६ किलो भरते. म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण शेतकरी पुरुष हा युरोपच्या "हलक्या" चालकापेक्षाही हलका, आणि स्त्री तर त्याहून बरीच हलकी ठरते.

मग भारतीय सरासरी मापाची बैठक बनविली की प्रश्न सुटेल, असे कोणास वाटेल. तसेही होत नाही. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली होती. विमानातील जागा सरासरी माणसाच्या मापाची असावी, असा विचार त्यामागे होता. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांतील दहा मापे निवडली व प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत येणारा माणूस सरासरी धरावा असे ठरविले. दहाही मापांत सरासरी ठरणारा वैमानिक ४,०६३ जणांत एकही निघाला नाही. कोणाचे हात लांब तर पाय आखूड. कोणाची उंची मध्यम तर छाती रुंद. यावरून बोध घेऊन विमानातील आसने मागे-पुढे व वर-खाली सरकणारी करण्यात आली.

ट्रॅक्टरच्या बैठकीलाही हाच न्याय लागू आहे. सरासरी मापाने लावलेली बैठक कोणालाच नीट जमत नाही. ती प्रत्येक चालकापुरती जमवून घ्यावी लागते. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत त्यासाठी सोय केलेली असते. पण ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी ती जशी होती तशीच वर्षानुवर्षे राहते. बैठकीखालचा सरकपट्टा गंजून जाम झालेला आढळणे ही नेहमीचीच गोष्ट आहे.

वजन आणि स्प्रिंग यांचा हिशेब

स्प्रिंगचे काम एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एक स्प्रिंग ९० किलोच्या माणसाच्या भाराने ८ सें.मी. दबते. तीच स्प्रिंग ४५ किलोच्या माणसाने ४ सें.मी. दबेल. जड माणूस तिच्यावर दर सेकंदास सुमारे १.८ वेळा डोलेल, तर हलका माणूस सुमारे २.५ वेळा. स्प्रिंगचा नियम असा आहे की, स्वतःच्या डोलण्याच्या सुमारे दीडपटीहून जलद असलेले हेलकावेच ती कमी करते. स्वतःच्या डोलण्याच्या आसपासचे हेलकावे ती उलट वाढविते. सबब दर सेकंदास ३ वेळा येणारा हेलकावा जड माणसाच्या बाबतीत कमी होतो, आणि हलक्या माणसाच्या बाबतीत वाढतो. एकाच ट्रॅक्टरवर, एकाच रस्त्यावर, मालकाला त्रास होत नाही आणि किरकोळ अंगाच्या चालकाची पाठ मात्र धरते, याचे एक कारण येथे सापडते. अशा चालकाला कामचुकार समजणे अन्यायाचे होईल.

बैठकीखाली किंवा तिच्या पुढील बाजूस वजनाचा नॉब असतो. तो फिरविल्याने स्प्रिंगचा ताण कमी-अधिक होतो व चालक बसला असता बैठक आपल्या वर-खाली चालीच्या मधोमध येते. नॉब जड माणसासाठी लावलेला असून हलका माणूस बसला तर बैठक वरच्या टोकाला अडून राहते व स्प्रिंग असूनही नसल्यासारखी होते. नॉब हलक्या माणसासाठी लावलेला असून जड माणूस बसला तर ती तळाला टेकते आणि प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटून तो धक्का सरळ कण्यात जातो. नॉब योग्य लावला तरी हलक्या चालकाला स्प्रिंगचा लाभ जड चालकाइतका होत नाही. यास्तव त्याने ट्रॅक्टरचा वेग आणि टायरमधील हवा यांकडे अधिक लक्ष पुरवावे.

स्प्रिंगच्या जोडीला शॉक-ॲब्सॉर्बर असतो. स्प्रिंग एकदा हलली की हलतच राहते. तिला आवरण्याचे काम तो करतो. त्यातून तेल गळू लागले किंवा बैठक हाताने दाबून सोडल्यावर दोन-तीन वेळा उसळू लागली, तर तो निकामी झाला असे समजावे व बदलून घ्यावा.

कोणत्या अंगकाठीला कोणती अडचण

ठेंगणा चालक: याची मुख्य अडचण पायांची. बैठक मागे व उंच असल्यास पाय लोंबकळतात, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. क्लच पुरता दाबण्यासाठी तो पुढे घसरून कडेवर बसतो. मग पाठीला आधार उरत नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ब्रेकवर पूर्ण पाऊल न पडता केवळ चवडा पडतो. भरलेली ट्रॉली मागे असताना असा ब्रेक धोक्याचा ठरतो.

उंच चालक: बैठक पुढे व खाली असल्यास याचे गुडघे स्टेअरिंगला लागतात आणि कमरेच्या वर येतात. पाठ कमानीसारखी वाकते व कमरेच्या मणक्यांवर ताण पडतो. पाय ब्रेककडे नेताना गुडघा अडतो, तोही अपघाताला निमंत्रण देणारा असतो.

स्थूल चालक: पोट स्टेअरिंगला लागू नये म्हणून हा बैठक फार मागे नेतो आणि मग पाय पेडलांना पुरत नाहीत. याने आधी पायांचे अंतर जमवावे. स्टेअरिंगची उंची किंवा कल बदलण्याची सोय असेल तर ती त्यानंतर वापरावी. वजनाचा नॉब त्याच्यासाठी अर्थातच अधिक कसावा लागतो.

किडकिडीत चालक: याच्या बैठकीच्या हाडांवर मांस कमी असल्याने कठीण पृष्ठभाग लवकर टोचतो. म्हणून तो सतत बाजू बदलतो व वाकडा बसतो. एका कुशीवर भार देऊन बसण्याची सवय पुढे कंबरदुखीला कारण होते.

स्त्री चालक: अवजारे बँका व बचत गट यांच्यामुळे ट्रॅक्टर चालविणाऱ्या स्त्रियाही आता दिसू लागल्या आहेत. उंची व वजन या दोन्ही बाबतींत ठेंगण्या व हलक्या चालकाच्या अडचणी त्यांना एकत्रच येतात. त्यातच क्लच जड असला तर पायाचा जोर अपुरा पडतो. याकरिता क्लचची ढील पुस्तिकेप्रमाणे ठेवावी आणि त्याचे सांधे ग्रीस घालून हलके करावेत. गरोदरपणात ट्रॅक्टरचे धक्के टाळावेत.

जाड गादीचा भ्रम

बैठक टोचू लागली की तिच्यावर घडी घातलेले पोते, जुनी गोधडी किंवा फोमची जाड गादी टाकण्याची रीत सर्वत्र आढळते. पहिल्या घटकेला बरे वाटते, परंतु त्याचे तीन दोष आहेत. एक, गादीने बसण्याची उंची वाढते आणि पाय पेडलांपासून दूर जातात. ठेंगण्या चालकाला तर ती सर्वांत अपायकारक असते. दोन, मऊ फोम ट्रॅक्टरचे संथ व मोठे हेलकावे कमी करू शकत नाही. उलट शरीराला जाचक अशा गतीला तो स्वतःच उसळतो. तीन, बांधलेली नसलेली गादी उतारावर किंवा वळणावर सरकते आणि तिच्याबरोबर चालकही सरकतो.

गादी हवीच असेल तर ती पातळ व घट्ट असावी आणि पट्ट्याने बैठकीला बांधावी. ठेंगण्या चालकाला तिचा खरा उपयोग पाठीमागे होतो. कमरेमागे घट्ट उशी बांधली असता तो पुढे येतो, पाठीला आधार राहतो आणि पायही पेडलांवर पोहोचतात. पेडलावर लाकडाचा ठोकळा बांधून ते उंच करण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. ठोकळा निसटून पेडलाखाली गेला तर ब्रेक लागतच नाही.

बैठक जमविण्याची रीत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद करावे व हँडब्रेक लावावा. चालकाने कामाच्या वेळी घालतो तेच जोडे घालून बसावे. नंतर पुढील क्रमाने जावे. क्रम उलटा केल्यास पुन्हा आरंभापासून जमवावे लागते.

१. प्रथम वजन. चालक पूर्ण भाराने बसल्यावर दुसऱ्या माणसाने बाजूने पाहावे. बैठक आपल्या वर-खाली चालीच्या मधोमध येईपर्यंत नॉब फिरवावा. नॉबजवळ किलोचे आकडे असतील तर त्यांचा आधार घ्यावा.

२. नंतर अंतर. चालकाने पाठ मागे टेकवून डाव्या पायाने क्लच पुरता तळापर्यंत दाबावा. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय काठीसारखा ताठ होत असेल तर बैठक पुढे घ्यावी. हीच परीक्षा उजव्या पायाने ब्रेकवर करावी.

३. नंतर उंची. पाऊल पायफळीवर पूर्ण टेकावे आणि मांडी बैठकीवर सपाट राहावी. गुडघ्याची मागील खोबण व बैठकीची कड यांत दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा असावी.

४. नंतर हात. स्टेअरिंग धरले असता कोपर किंचित वाकलेले असावे आणि खांदे उचललेले नसावेत. लिफ्टचा दांडा व गिअर पाठ न सोडता हाती आले पाहिजेत.

५. शेवटी मजबुती. सरकपट्ट्याची कडी खटका वाजून बसली आहे याची खात्री करावी. बैठक दोन्ही हातांनी जोराने मागे-पुढे हलवून पाहावी. चालू ट्रॅक्टरवर बैठक अचानक मागे सरकली तर क्लच-ब्रेक पायाखालून जातात.

जुन्या ट्रॅक्टरांत सरकपट्टा नसून बैठक बोल्टांनी बसविलेली असते. तेथेही बहुधा एकापेक्षा अधिक भोके असतात व पान्याने बोल्ट काढून बैठक पुढे-मागे घेता येते. भोके नसतील तर चांगल्या मिस्त्रीकडून ती पाडून घ्यावीत. वेल्डिंगचे कच्चे काम करून घेऊ नये.

बांबू, भाजीपाला किंवा माणसे नेणाऱ्या जीप व पिकअप चालकांनाही हीच रीत उपयोगी पडते. त्यांनी एवढे अधिक पाहावे की, खांदे पाठीला टेकलेले असताना लांब केलेल्या हाताचे मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकते की नाही. टेकत असेल तर अंतर बरोबर समजावे. बैठकीची पाठ अगदी उभी न ठेवता किंचित मागे कललेली ठेवावी.

प्रत्येक चालकाची रंगाची खूण

एक ट्रॅक्टर बहुधा एकच माणूस चालवीत नाही. सकाळी मालक, दुपारी मुलगा व रात्रपाळीला पगारी चालक असा क्रम हंगामात चालतो. अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरवर तर चालक याहून अधिक असतात. प्रत्येक वेळी सारी मापे नव्याने घेण्याचा कंटाळा येतो आणि बैठक जशीच्या तशी राहते.

यावर सोपी युक्ती अशी की, एकदा प्रत्येक चालकाची बैठक नीट जमवून घ्यावी आणि सरकपट्ट्यावर त्याच्या जागी ऑइलपेंटची बारीक रेघ ओढावी. मालकाची लाल, मुलाची पांढरी, चालकाची पिवळी, असे रंग ठरवावेत. वजनाच्या नॉबवर आकडे नसतील तर तो पूर्ण सैल करून किती फेरे कसला हे मोजून मडगार्डच्या आतील बाजूस त्याच रंगात लिहून ठेवावे. पुढे चालक बदलताना बैठक जमविण्यास एक मिनिटही लागत नाही. रंगाचा एक लहान डबा हाच या उपायाचा सारा खर्च.

बांधी, रस्ता आणि ऊन

या दोन जिल्ह्यांची जमीन व हवा लक्षात घेता आणखी काही गोष्टी सांगणे अवश्य आहे.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या बाजूच्या आणि गडचिरोलीतील आरमोरी, कुरखेडा, धानोरा भागातील धानाच्या बांध्या पुष्कळदा लहान असतात. लहान बांधीत वळणे अधिक, म्हणून क्लच व ब्रेक यांवर पाय वारंवार पडतो. पेडलांचे अंतर दोन-तीन सें.मी.ने चुकले तरी दिवसाअखेरीस त्याचा हिशेब गुडघ्याला व कमरेला चुकवावा लागतो. चिखल मऊ असल्याने बांधीच्या आत धक्के कमी बसतात. ते बसतात धुरा ओलांडताना. धुरा आडवा व संथ गतीने, पहिल्या गिअरमध्ये ओलांडावा. लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर कठीण रस्त्यावर पळविणे चालकाच्या पाठीला, यंत्राला आणि रस्त्याला सारखेच घातक आहे.

चिखलणी करताना चालक सारखा मागे वळून अवजार पाहत असतो. कंबर एका जागी ठेवून केवळ मान व धड पिळणे आणि त्याच वेळी धक्के सोसणे, ही पाठीला सर्वांत वाईट स्थिती होय. मागे पाहताना एक हात मडगार्डच्या मुठीवर ठेवून कंबर व खांदे एकत्र वळवावेत, आणि वळण्याची बाजू अधूनमधून बदलावी. जमल्यास मोठा आरसा बसवून घ्यावा.

कापणी व मळणीनंतर धान खरेदी केंद्रावर न्यावे लागते. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांपर्यंतचा रस्ता अनेक गावांना जंगलातून व घाट-उतारांवरून काढावा लागतो. वाटेत रानडुक्कर किंवा चितळ अकस्मात आडवे आले असता ब्रेक पूर्ण पावलाने दाबता येणे हेच चालकाचे रक्षण असते. रस्त्यावर जाण्यापूर्वी डावा व उजवा ब्रेक जोडपट्टीने एकत्र अडकवावेत. एकच ब्रेक दाबला गेला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. मडगार्डवर दुसरा माणूस बसवू नये. ट्रॅक्टरची बैठक एकाच माणसासाठी असते.

चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील उन्हाळा राज्यात प्रखर म्हणून प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. काळ्या रेक्झिनची बैठक उन्हात चटका देते व घामाने निसरडी होते. तिच्यावर जाड सुती कापडाची, नाडीने घट्ट बांधता येणारी खोळ घालावी. पावसाळ्यात फाटलेल्या रेक्झिनमधून फोम पाणी पितो व कुजतो. यासाठी फाटलेली बैठक मृगापूर्वीच शिवून घ्यावी. ट्रॅक्टर उघड्यावर राहत असेल तर बैठक पुढे दुमडून ठेवावी किंवा झाकावी.

पाठीची राखण

बैठक उत्तम जमली तरी शरीराला विसावा लागतोच. दर दीड-दोन तासांनी इंजिन बंद करून चालकाने खाली उतरावे, पाच मिनिटे चालावे व कमरेवर हात ठेवून पाठ हळूच मागे वाकवावी. उतरताना उडी मारू नये. धक्के खाऊन थकलेल्या पाठीला उडीचा झटका सोसत नाही. यंत्राकडे तोंड करून, दोन हात व एक पाय नेहमी टेकलेला ठेवून उतरावे. उतरल्या उतरल्या धानाचे पोते उचलण्यासही लागू नये.

टायरमधील हवा पुस्तिकेत शेतीकामासाठी व रस्त्यासाठी सांगितल्याप्रमाणे ठेवावी. अति हवेने टायर दगडासारखा कठीण होतो आणि त्याचा भार बैठकीच्या स्प्रिंगवर व शेवटी चालकावर येतो.

कंबरेतून निघून पायात उतरणारी कळ, पायाचा बधिरपणा किंवा पायातील जोर कमी होणे ही लक्षणे दिसल्यास अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा कमी झाल्यासारखे वाटल्यास एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

नवा ट्रॅक्टर घेताना

नवा ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती, डिझेलचा खर्च व किंमत यांची चौकशी होते. त्याच वेळी जो प्रत्यक्ष चालविणार त्याला बैठकीवर बसवून वरील पाच परीक्षा दुकानातच कराव्यात. बैठक किती सरकते, वजनाचा नॉब आहे काय व तो किती किलोपासून सुरू होतो, हे विचारावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. तेच आज केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात व त्यांच्या अहवालांत कंपनांची मोजणीही दिलेली असते. विक्रेत्याकडे असा अहवाल मागून पाहण्यास हरकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत सांगून जितका पटतो, त्याहून प्रत्यक्ष दाखवून अधिक पटतो. कार्यकर्त्यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, चिखलणीची घाई सुरू होण्यापूर्वी, गावात एक ट्रॅक्टर उभा करवून त्यावर उंच, ठेंगणा व स्थूल असे तीन चालक एकामागून एक बसवावेत. बैठक न बदलता प्रत्येकाला क्लच दाबावयास सांगावे. कोणाचा पाय ताठ होतो, कोणाचा गुडघा स्टेअरिंगला लागतो, हे जमलेल्या मंडळींना आपोआप दिसेल. नंतर प्रत्येकाची बैठक जमवून रंगाच्या खुणा करून द्याव्यात. गावातील मिस्त्रीला या वेळी अवश्य बोलवावे. गंजलेले सरकपट्टे सोडविण्याचे काम त्याचेच आहे. सिंदेवाही व गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रांच्या मेळाव्यांतही हे प्रात्यक्षिक ठेवता येण्यासारखे आहे.

बैलाच्या मानेला जू टोचू लागले तर जाणता शेतकरी त्याच दिवशी जू बदलतो, कारण दुखऱ्या मानेचा बैल नांगर ओढीत नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रॅक्टर चालविणाऱ्या माणसाच्या पाठीविषयीही तेवढीच दक्षता घेतली, तर चालकाचा हंगाम सुखाचा जाईल आणि गावाची रोवणी वेळेवर उरकेल.